ठाण्यात बेअर रूट पियोनी: कोणी फुलवलीय का?

सायली_कोलशेत

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आईबाबांना घेऊन श्रीनगरला गेलो होतो. तिथल्या पियोनी बघितल्यापासून आईने धोशा लावलाय की हे फूल आपल्या बाल्कनीत हवंच. हिमाचलमधल्या एका रोपवाटिकेकडून दोन बेअर रूट (मातीशिवाय आलेली नुसती मुळं) मागवली, ती काल कुरियरने आली. एकावर 'फेस्टिवा मॅक्सिमा' अशी चिठ्ठी आहे, दुसऱ्यावर 'सारा बर्नहार्ट'. बोटभर जाडीच्या तपकिरी मुळांचा जुडगा आहे आणि वरच्या टोकाला लालसर गुलाबी डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा. पहिल्याला चार, दुसऱ्याला तीन.

आम्ही घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो. बाल्कनी पूर्वेची, साडेअकरापर्यंत चांगलं ऊन. कुंडी केवढी घेऊ? डोळे मातीत किती खोल जाऊ देऊ? आणि मुख्य प्रश्न, आपल्या हवेत हे फुलेल का? कोणी स्वतः करून पाहिलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

बाल्कनीवाली_नेरूळ

आई गं, पियोनी! मी पहिली खुर्ची पकडून बसले. फोटो टाक मुळांचे.

निशिगंध

सायली, स्पष्टच लिहितो. नुसतं कुंडीत लावून बाल्कनीत ठेवलंस तर पानं येतील, फूल येणार नाही. दुसऱ्या वर्षी बहुधा पानंही येणार नाहीत.

यात माती, खत, हात यांचा काही संबंध नाही. पियोनीला हिवाळ्यात सलग थंडी लागते. जातीप्रमाणे कमीजास्त, पण साधारण ७ अंशांच्या खाली ५०० ते १००० तास. तेवढी थंडी मिळाली की डोळ्यांची झोप मोडते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे १६-१७ झालं तरी लोक स्वेटर काढतात. सांताक्रूझच्या वेधशाळेतली आजवरची नीचांकी नोंद २२ जानेवारी १९६२ ची, ७.४ अंश. म्हणजे विक्रमी थंडीच्या पहाटेसुद्धा आपण ७ च्या खाली गेलेलो नाही, आणि इथे हवेत शेकडो तास.

पैसे गेलेच आहेत तर प्रयोग जरूर कर. पण आईंना आधी कल्पना देऊन ठेव.

येऊरकर

निशिगंधदादांना अनुमोदन. त्यात आपल्या पावसाची भर घाला. जून ते सप्टेंबर अडीच हजार मिलिमीटर, आणि या मुळांना ओल साचलेली अजिबात चालत नाही. थंडी मिळवली तरी जुलैत मुळं कुजतील.

कुंडीतलं_रान

कुंडीवर रोज रात्री बर्फाचे खडे ठेवले तर? एका व्हिडिओत पाहिलंय.

निशिगंध

@कुंडीतलं_रान, बर्फ तासाभरात वितळतो, वरची इंचभर माती थंड होते आणि सकाळी पुन्हा २५ अंश. वर रोजचं ते पाणी मुळांशी साचतं ते वेगळंच. अमेरिकेत काही जण हे करतात, पण जिथे रात्री तशाही ८-१० अंशांवर येतात आणि थोडीच कसर भरून काढायची असते तिथे. आपली तूट फार मोठी आहे.

डेट्रॉईटकर

इकडे मिशिगनमध्ये पियोनी म्हणजे घरटी एक. आमच्या घराच्या आधीच्या मालकिणीने लावलेली झुडपं अजून फुलतात. एकदा जागा आवडली की पन्नास वर्षं हलत नाहीत, आणि हलवलेलं त्यांना खपत नाही.

खोलीबद्दल: आमच्याकडे डोळ्यांवर दोन इंच माती. त्याहून खोल गेलं की नुसती पानं, वर्षानुवर्षं. "माझी पियोनी फुलत नाही" या तक्रारीचं निम्म्या वेळा हेच कारण निघतं. गरम प्रदेशात याहून उथळ लावतात, अर्धा ते एक इंच, म्हणजे जी काही थंडी पडेल ती डोळ्यांपर्यंत पोचते. सायली, तू डोळ्यांवर जेमतेम अर्धा इंच माती ठेव.

तुझ्या दोन जातींपैकी फेस्टिवा मॅक्सिमावर जास्त भिस्त ठेव. फ्रान्समधली १८५१ ची जुनी जात, पांढरी, मध्ये किरमिजी ठिपके. लवकर फुलते म्हणून इथल्या दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत तिचं नाव आधी घेतात. सारा बर्नहार्टही फ्रेंचच, १९०६ ची, फुलवाल्यांची लाडकी. पण ती उशिरा फुलते आणि भरगच्च पाकळ्यांची आहे. उशिराच्या भरगच्च जातींची कळी उकाड्यात सापडते आणि उमलायच्या आधीच वाळते.

बाल्कनीवाली_नेरूळ

डेट्रॉईटकर, कळ्यांवर मुंग्या लागल्याशिवाय पियोनी उमलत नाही म्हणतात ते खरं का? मुंग्या आमच्याकडे भरपूर आहेत, त्या मी पुरवीन.

डेट्रॉईटकर

नाही, ते खरं नाही. कळीच्या बाहेरच्या दलांवर गोड रस असतो, तो खायला मुंग्या येतात. त्या नसल्या तरी कळी उमलते. मुंग्या राहू देत, त्या झाडाचं काही बिघडवत नाहीत.

पहाडी_मराठी

मूळचा डोंबिवलीचा, आता बरीच वर्षं कुमाऊंमध्ये. आपल्या देशाची स्वतःची पियोनी आहे हे इथे कोणी लिहिलंच नाही. पियोनिया इमोडी. काश्मीरपासून नेपाळपर्यंत, साधारण १८०० मीटरच्या वर, ओक-देवदाराच्या जंगलाच्या कडेला उगवते. एकेरी पांढरी फुलं, मध्ये पिवळ्या केसरांचा गुच्छ. एप्रिल-मेमध्ये उतारावर ती डोलताना पाहिली की बागेतली भरगच्च पियोनी मला तरी जड वाटते. हिमाचलात तिला मामेख म्हणतात, कोवळ्या कोंबांची भाजीही करतात. युनानी औषधांत ऊद सालीब म्हणून पियोनीचं मूळ विकतात, त्या मागणीपायी जंगलातली झाडं उपटली जातात. कोणी "जंगली पियोनीची मुळं" स्वस्तात देऊ लागला तर कृपया घेऊ नका.

सायली, तुझी मुळं रोपवाटिकेतली आहेत ना, एवढं विचारून घे. आणि एक चांगली गोष्ट सांगतो. पुढच्या मोसमाचं फूल डोळ्याच्या आत आदल्या उन्हाळ्या-शरदातच घडायला लागतं. शरदात उकरलेलं मूळ ती तयारी सोबत घेऊनच तुझ्याकडे आलंय. आता फक्त थंडी द्यायची आहे. पहिल्या वर्षी फूल मिळण्याची शक्यता म्हणूनच सगळ्यात जास्त.

सानपाड्याची_सई

आता मी लिहिते, कारण मी हे केलंय. फ्रीजमध्ये.

मूळ आधी ट्रायकोडर्माच्या (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) पाण्यात बुडवून सावलीत सुकवलं. मग ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) गुंडाळलं. ओलसर म्हणजे मुठीत घट्ट दाबल्यावर थेंब पडता कामा नये. भोकं पाडलेल्या पिशवीत घालून भाजीच्या खणात. आमच्या फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला चिकटलेली कोथिंबीर गोठते, म्हणून पिशवी पुढच्या बाजूला. सोबत थर्मामीटर ठेवला, तो ४-५ दाखवायचा. नोव्हेंबर ते जानेवारीअखेर तिथेच. मध्ये मध्ये उघडून बघायचे. एका मुळाच्या कापलेल्या टोकाला पांढरी बुरशी दिसली, तेवढा भाग धारदार सुरीने काढून दालचिनीची पूड लावली.

सगळ्यात महत्त्वाचं: त्या फ्रीजमध्ये सफरचंद, केळी, पेरू, काही म्हणजे काही फळ नको. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि आतली फुलाची कळी त्याने मरते. मूळ बाहेरून धडधाकट दिसतं, त्यामुळे कळतही नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला कुंडीत लावलं. आठवड्याभरात डोळे फुगले आणि त्यातून गडद मरून रंगाचे कोंब वर आले. आधी मूठ मिटल्यासारखे, मग पानं एकेक बोट उलगडावं तशी मोकळी झाली. त्या रंगासाठीसुद्धा हा खटाटोप मी पुन्हा करीन. तीन फांद्या आल्या, त्यातल्या एकीला कळी धरली. मार्चच्या मध्यावर उकाडा वाढला आणि कळी वाढायची थांबली, तपकिरी पडली. पानं मेपर्यंत टिकली.

कुंडीतलं_रान

सईताई, भाजीच्या खणात पियोनी! आमच्या मावशींनी आलं समजून चहात किसून टाकलं असतं.

सानपाड्याची_सई

म्हणून पिशवीवर मोठ्या अक्षरात "हात लावू नये" लिहिलं होतं. आमच्या घरी नवऱ्यासाठीही ते गरजेचं होतं.

मिलिंद_कोपरी

सगळं वाचलं. पण मला एक मनापासून कळत नाही, इतका आटापिटा कशासाठी? ज्या झाडाला इथली हवा मानवत नाही त्याला फ्रीजमध्ये कोंबून, एसीत बसवून जगवायचं आणि मेमध्ये मरताना बघायचं. आपल्याकडे स्थलपद्म आहे. जास्वंदाच्याच कुळातलं. दुहेरी पाकळ्यांच्या जातीचं फूल सकाळी पांढरं उमलतं, दुपारी गुलाबी होतं, संध्याकाळी लाल. आकार, पाकळ्यांची घडण, सगळं पियोनीच्या जवळ जाणारं. फांदी खोचली की जगते, पावसात आनंदात असते, ऑक्टोबरमध्ये झाड भरून जातं. कोपरीत आमच्या सोसायटीच्या कुंपणाला आहे. सायली, आईंना घेऊन या, फांद्या देतो.

बाल्कनीवाली_नेरूळ

मिलिंददादा, स्थलपद्म मलाही हवंय! पण ते चौदाव्या मजल्यावरच्या कुंडीत मावेल का?

मिलिंद_कोपरी

वीस इंची ड्रममध्ये मावतं. फुलोरा संपला की कडक छाटायचं.

निशिगंध

मिलिंद, स्थलपद्माबद्दल पूर्ण सहमत. पण "आटापिटा कशासाठी" हे मला पटत नाही. दिल्लीत दर हिवाळ्यात रस्त्याकडेला ट्युलिप फुलतात, त्यांचे कंद नेदरलँड्सहून थंडी देऊनच आणतात आणि मोसम संपला की खेळ संपतो. माणसाला दूरचं फूल एकदा जवळून पाहावंसं वाटलं तर त्यात वावगं काय? फक्त ते इथे कायम नांदेल अशी अपेक्षा धरू नये.

निफाडचा_बागायतदार

शहरातल्या मंडळींच्या गप्पांत शिरतोय, पण हा विषय आमच्या रोजच्या कामातला आहे. द्राक्षालाही थंड देशात हिवाळी झोप असते. आमच्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतो, तेव्हा डोळे एकसारखे फुटतात. पुढे मणी वाढवायला जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल. पियोनीवरही थंडी दिल्यानंतर बुंध्याशी जीएचं पाणी घालतात, इस्रायलमध्ये लवकर फुलं काढण्यासाठी यावर बरंच काम झालंय. त्याने फुटवा लवकर आणि जास्त येतो. पण थंडीला ते पर्याय नाही. आधी थंडी, मग जीए.

आणि घरी कोणी सायनामाइडच्या वाटेला जाऊ नका. ते विषारी आहे, कातडी भाजते. फवारणीच्या आगेमागे दारूचा एक घोट घेतला तरी माणूस आडवा होतो, म्हणून आम्ही मजुरांना आधी बजावतो.

सायली_कोलशेत

बाप रे, एका रात्रीत किती उत्तरं! सगळ्यांचे आभार. @पहाडी_मराठी, विचारलं, रोपवाटिकेतलीच आहेत, त्यांनी शेताचे फोटोही पाठवले. @निफाडचा_बागायतदार दादा, जीएला हात लावणार नाही. तुमच्या द्राक्षांना मात्र लावेन!

अनामिका_खारघर

माझी बहीण मार्चमध्ये ॲमस्टरडॅमहून येतेय. तिथे बाजारात पियोनीची मुळं ढिगाने मिळतात. बॅगेतून चार आणायला सांगू का?

निशिगंध

नको. परदेशातून रोप, कंद, मूळ, काहीही आणायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि त्या देशाचं फायटोसॅनिटरी, म्हणजे रोप रोगकीडमुक्त असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर जप्त होतं हा भाग सोडाच, एका मुळासोबत आलेली बुरशी किंवा सूत्रकृमी कुठल्या कुठे पसरतात. देशातल्या पहाडी रोपवाटिकांतून घ्या.

येऊरकर

आणि ऑनलाइन बाजारात "पियोनी बल्ब, सर्व हवामानात फुलणारे, १० नग" दिसले तर पुढे जा. पियोनीला बल्ब नसतोच, जाड मुळं आणि त्यावर डोळे असतात. माझ्या मेहुण्याने एका विक्रेत्याकडून घेतले होते, त्यातून डेलिया निघाला. डेलिया सुंदर होता हे खरं, पण पैसे पियोनीचे घेतले होते.

डेट्रॉईटकर

यावरून एक सावधगिरी. "पियोनी पॉपी" नावाचं बी सर्रास दिसतं. फूल पियोनीसारखं, पण झाड अफूचं आहे. इकडे बियांच्या पाकिटांत मिळतं म्हणून कोणी भारतात मागवू नका.

निशिगंध

बरोबर. अफूची लागवड परवान्याशिवाय करणं १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे, कुंडीत का असेना.

कुंडीतलं_रान

माझी मावशी महाबळेश्वरला असते. तिथे तर वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, दरवर्षी पेपरात फोटो येतो. तिच्या अंगणात लावलं तर?

येऊरकर

गोठतात, पण काही मोजक्या पहाटे, आणि दहा वाजता पुन्हा कोवळं ऊन. तासांची बेरीज होत नाही. शिवाय तिथे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मूळ वाहून जाईल. मावशींकडे स्ट्रॉबेरी खायला जावं.

सायली_कोलशेत

मग ठरवते. दोन्ही मुळं आजच फ्रीजमध्ये जातील. बाबांचा जुना छोटा फ्रीज बंद पडून होता, तो सुरू केलाय, त्यात फळं नाहीत, पीठ नाही, काही नाही. आईला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "पान उगवलेलं पाहिलं तरी चालेल, पण प्रयत्न करू." पुढचं विचारते: बाहेर काढल्यावर कळी वाळू नये म्हणून काय करू? सई, तुझा अनुभव वाचून तीच धास्ती आहे.

सानपाड्याची_सई

मी यावर नंतर बरंच वाचलं. उगवल्यानंतर पियोनीला दिवसा २२ आणि रात्री १० अंशांच्या आसपास सगळ्यात मानवतं. रात्रीसुद्धा २२ च्या खाली उतरत नसेल तर फांद्या आखूड राहतात आणि कळ्या वाळतात. फेब्रुवारीत दिवस आपल्या हातात नाही, रात्र थोडी आहे. या वेळी मी दोन गोष्टी बदलतेय. एक, थंडी पूर्ण झाली की एक दिवस उशीर न करता बाहेर काढणार, म्हणजे फेब्रुवारीच्या थंड रात्री वाया जाणार नाहीत. दुसरं, कुंडीला चाकाची पाटी लावणार. सकाळी बाल्कनीत ऊन, अकराला आत, रात्री एसीच्या खोलीत. एसीचा झोत सरळ पानांवर मात्र नको.

मिलिंद_कोपरी

मी स्थलपद्माच्या बाजूचा, पण माती सांगतो, कारण चांगली माती सगळ्यांना लागते. आपली लाल माती थोडी आम्ल असते आणि पियोनीला उदासीनच्या आसपासची आवडते. तीन भाग लाल माती, दोन भाग जुनं कुजलेलं शेणखत, दोन भाग बारीक खडी किंवा परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे), वर चमचाभर चुना आणि मूठभर हाडांचा चुरा. ताजं शेणखत अजिबात नको. कुंडी मातीची, निदान सोळा इंच खोल, तळाला मोठं भोक. प्लॅस्टिकची कुंडी उन्हात तापते. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलंत तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो, हे मी माझ्या ऑर्किडच्या कुंड्यांवर मोजून पाहिलंय.

पहाडी_मराठी

सायली, फूल आलं तरी देठासकट लांब कापू नकोस. पानं असतील तेवढी राहू दे, मुळांत साठा पानांतूनच जातो. मेनंतर पानं पिवळी पडली की पाणी कमी कर, कुंडी पावसात न ठेवता वळचणीला कोरडी ठेव, आणि ऑक्टोबरअखेर पुन्हा फ्रीज. दुसऱ्या वर्षाची खात्री देत नाही. पण तुझ्या बाल्कनीत जमलं नाही तर मूळ मला पाठव. इथे अंगणात लावीन, आईंनी मे महिन्यात येऊन बघावं. मनापासून सांगतोय.

बाल्कनीवाली_नेरूळ

पहाडीदादा, मीही येते सोबत. मूळ नसलं तरी!

सायली_कोलशेत

पहाडीदादा, आईला वाचून दाखवलं. तिने लगेच तुमच्या गावाचा पत्ता विचारला, आता मला जबाबदारी आली. तुम्हाला निरोप करते.

दोन्ही मुळं भरून ठेवलीत. थर्मामीटर सध्या ९ दाखवतोय.

निशिगंध

९ चालणार नाही. बटण पुढे कर आणि उद्या सकाळी पुन्हा बघ, २ ते ५ च्या मध्ये स्थिरावलं पाहिजे. जुन्या फ्रीजचं रबर सैल असतं, दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघ. सहज निघाली तर रबर बदल. ठाण्यात स्टेशनजवळच्या बाजारात मिळतं, मापासाठी दाराचा फोटो घेऊन जा. तापमान स्थिर झालं त्या दिवसापासून दहा आठवडे मोज आणि तो दिवस इथे लिही, म्हणजे आम्हालाही आठवण राहील.

सानपाड्याची_सई

आणि पिशवीवर नाव लिही गं.